विश्वास आहे, पण बळ उरलं नाही: अशा दिवसांत तुम्ही कसे तगलात?

मोगरा_वडगावशेरी (सोमवार, रात्री ११:५०)

सगळ्यांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज लिहिते. आम्ही मूळचे नगरकडचे, आता पुण्यात वडगाव शेरीला राहतो. ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. चाकणला कंत्राटी नोकरी होती, ती गेली. मुलगी दहावीला आहे. मी शिवणकाम करते, पण डायलिसिसच्या दिवशी मशीनला हात लागत नाही.

सकाळी ह्यांच्यासाठी पाण्याची एक बाटली भरते. दिवसभराचं पाणी तेवढंच, चहा आणि आमटीसुद्धा त्यातूनच वजा. बाटलीवर मुलीने पेनाने रेघा मारून दिल्यात. संध्याकाळी तळाशी दोन बोटं पाणी राहिलं की हे बाटली माझ्याकडे देतात. म्हणतात, "हे रात्रीच्या गोळीला ठेव."

प्रार्थना आमच्या घरात लहानपणापासून. संडेस्कूल, महिला मंडळ, नाताळच्या आधी घरोघरी जाऊन गाणं, सगळं केलंय. पण आता गुडघे टेकले की डोक्यात फक्त आकडे येतात. क्रिएटिनिन किती, हिमोग्लोबिन किती, इंजेक्शन केवढ्याचं, मुलीची फी कधी. 'हे प्रभू' म्हणते आणि पुढे काही येतच नाही.

लोक भेटायला येतात, मायेनेच येतात. कोणी म्हणतं, यात देवाची काहीतरी योजना असेल. कोणी म्हणतं, विश्वास कमी पडतोय, उपवास धरा. एका प्रार्थना गटातल्या बंधूंनी ह्यांच्या तोंडावर विचारलं, "भरवसा मशीनवर आहे की प्रभूवर?" त्या रात्री हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी डायलिसिसला यायला तयार नव्हते, हातापाया पडून नेलं.

मला विश्वास सोडायचा नाही. पण हे ओझं एकटीने पेलत नाही. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. सुंदर चित्रांवर लिहिलेली वचनं नकोत, ती रोज सकाळी फोनवर येतात.


रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ७:१५)

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट. डायलिसिस चुकू देऊ नका. मी स्टाफ नर्स आहे, याच कामात आहे. एक पाळी चुकली तरी पोटॅशियम चढतं, ठोके बिघडतात, फुप्फुसात पाणी साठतं. मग रात्री-अपरात्री धाप लागलेल्या माणसाला घेऊन धावावं लागतं, आणि प्रत्येक वेळी आम्ही वेळेत पोचतोच असं नाही.

'मशीन की प्रभू' हा प्रश्न बायबलमध्ये कुठेच नाही. मी कॅथलिक, वसईची. घरी जपमाळ ओढून ड्युटीला येते आणि चार तास मशीनचे आकडे बघते. यात मला आजवर कधी विरोध दिसला नाही. प्रेषित पौलासोबत फिरणारा लूक हा वैद्य होता, पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. तरुण सहकारी तीमथ्याला तो लिहितो, पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. त्रफिम नावाच्या सोबत्याला तो मिलेत गावात आजारी ठेवून पुढे जातो. ज्याच्या हातून आजारी बरे झाले त्याच पौलाचा जवळचा सोबती आजारी राहिला, आणि पौल त्याला 'तुझा विश्वास कमी' असं कुठेही म्हणत नाही.

आपल्याकडचंच बघा. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं, वेल्लोरचं डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये. ही माणसं ख्रिस्ताच्या नावानेच आली होती आणि त्यांनी आल्यावर ऑपरेशन थिएटरं बांधली. हे तुमच्या साहेबांना जरूर सांगा.


अंगणवेल (मंगळवार, सकाळी ९:०२)

वाचून गलबलले. तुम्हा तिघांसाठी प्रार्थना करते. रात्रपाळी यांना पूर्ण अनुमोदन.


पेटीवाला (मंगळवार, दुपारी ४:३०)

मोगराताई, सप्रेम सलाम.

मी गुरुवार पेठेतला, पंचहौदच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, सावलीत वाढलेला. उपासनेत पेटी वाजवतो. वय झालं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. सुचवू नका. उसने घ्या. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. आपण सगळे २३वं पाठ करतो, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', आणि ते करावंच. पण १३वं काढून बघा. सुरुवातीच्या दोनच वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. हे बोलणं अविश्वासाचं असतं तर पवित्र शास्त्रात राहिलंच नसतं.

त्याहून कठीण ८८वं. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे कुठेतरी वळतात, आशेवर येतात. हे वळत नाही. अंधार या शब्दावरच संपतं. तरी ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी त्याला एक बऱ्यापैकी शेवट जोडून दिला नाही. ज्या दिवशी आशेचं एक वाक्यही तोंडातून निघत नाही त्या दिवसासाठी ते तसंच ठेवलं आहे, असं मी समजतो. आणि प्रत्यक्ष वधस्तंभावर येशूने जे म्हटलं, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला?', तेही २२व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. पुत्रालाही त्या घटकेला पाठ असलेलंच आठवलं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी पत्नी २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. ते दिवस पुणेकरांना आठवतात. ईस्टरच्या आसपासच सगळं पुन्हा बंद झालं होतं, देवळंही. दफनाला मोजकी माणसं, पाळकसाहेब मास्क लावून लांब उभे. गीत म्हणायला कोणी नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखात पेटी वाजवली आणि तिच्या वेळी एक सूर लागला नाही, ही सल आजही आहे.

पुढे कित्येक महिने मला प्रार्थना करता आली नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक गृहस्थ रोज रात्री नऊला फोन करत. 'कसे आहात' असंही विचारत नसत. एक स्तोत्र वाचत, आमेन म्हणत, फोन ठेवत. मी पलीकडे नुसता ऐकत असे. कधी तेवढंही ऐकत नसे. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. त्यानंतरच्या रविवारी मी पेटीवर बसलो. हात थरथरत होते, पण बसलो. माझ्या विश्वासाने मला तिथवर आणलं असं मी म्हणणार नाही. त्या गृहस्थांच्या विश्वासाने आणलं.


वधस्तंभाजवळ (मंगळवार, रात्री १०:१०)

प्रभूची स्तुती असो.

ताई, डायलिसिस बंद करा असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, इथे मी सगळ्यांशी सहमत आहे. पण धाग्याचा सूर थोडा एकीकडे झुकतोय असं वाटतं म्हणून लिहितो. देव आजही बरं करतो. माझ्या सख्ख्या भावाला डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितली होती. आमच्या घरसभेने रात्रभर साखळी प्रार्थना केली. तो आज पिंपरीत आपल्या पायांनी कामाला जातो. मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ते मी दडवू कसं? विलाप करा, पण मागायचं थांबवू नका. रात्रीच्या वेळी दार ठोठावत राहणाऱ्या मित्राचा दाखला प्रभूनेच दिलाय.


रात्रपाळी (बुधवार, सकाळी ७:४०)

दादा, तुमचा भाऊ बरा झाला याचा मनापासून आनंद आहे. मागायला कोणाचीच ना नाही, मी स्वतः रोज मागते. पण एक सांगावंसं वाटतं. आमच्या वॉर्डात एकाच वेळी दहा कुटुंबं मागत असतात. काहींना मिळतं, काहींना मिळत नाही. ज्यांना मिळत नाही त्यांची प्रार्थना हलक्या प्रतीची होती असं मानायला माझं मन धजत नाही. मी त्यांना रात्री तीन वाजता प्रार्थना करताना पाहिलंय.


वधस्तंभाजवळ (बुधवार, सकाळी ८:०५)

मान्य. असं मीही मानत नाही. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने दुःखाचा प्याला दूर कर म्हणून मागितलं आणि तो दूर झाला नाही. साक्ष देताना ती ऐकणाऱ्याच्या उरावर बसू नये, एवढं नक्की. पण साक्ष द्यायचीच नाही, असंही होऊ नये.


पाळकीणबाई_खडकी (बुधवार, दुपारी २:२०)

मोगरा, मी तुला अगं-तुगं करते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील. माझे यजमान पाळक आहेत, त्यामुळे आजारी घरांत माझं जाणं-येणं खूप. घरात शिरल्यावर माणसं काय बोलतात आणि त्याने आजाऱ्याचं तोंड कसं पडतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

'तुझा विश्वास कमी पडतोय' असं तुला ज्यांनी म्हटलं ना, त्यांना मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचायला सांग. कफर्णहूमातलं घर, दारातही उभं राहायला जागा नाही. चौघेजण एका पक्षघाती माणसाला उचलून आणतात, वर चढतात, छप्पर उसकटतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. आता पुढचं नीट वाच. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं लिहिलंय. उचलून आणणाऱ्यांचा. त्या बाजेवरच्या माणसाने त्या दिवशी काय मानलं, किती प्रार्थना केली, त्याच्या मनात शंका होती की नव्हती, यातलं एक अक्षर मार्क लिहीत नाही. तो फक्त पडून होता. त्याला तेवढंच शक्य होतं.

मला विचारशील तर आपल्या धर्मात बळ असं मिळतं. ते एकेकट्याच्या छातीतून निघावं अशी अपेक्षाच नाही. आज तू बाजेवर आहेस, तर चार कोपरे धरणं आमचं काम. तुझा विश्वास किती भरतो ते मोजत बसण्याचं काम कोणालाच दिलेलं नाही. तू मंडळीत कितीदा दुसऱ्यांचा कोपरा धरला असशील ते तुलाच आठवत नसेल.

दुसरं, एलीया संदेष्टा. बायबलातलं '१ राजे' हे पुस्तक, एकोणिसावा अध्याय. ईजबेल राणीच्या धाकाने पळालेला, रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता पुरे, मला मरू दे' म्हणणारा. त्याला देवदूत काय सांगतो? उपदेश नाही, योजना नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. 'ऊठ, खा.' तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला घालतो. देवाशी बोलणं त्याच्या कितीतरी नंतर, होरेब डोंगरावर. तेव्हा तू जेवतेस का आणि झोपतेस का, हे मी आधी विचारते. प्रार्थनेचं मागाहून बघू.

जाता जाता भेटायला जाणाऱ्यांसाठी. 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य आपण सगळ्यांनी सोडून द्यावं. थकलेल्या बाईला काय लागतं हे ठरवून सांगण्याचंसुद्धा त्राण नसतं. त्यापेक्षा 'गुरुवारी डबा मी आणते, त्यात पालेभाजी चालते का' असं विचारा. किडनीच्या पथ्याला पोटॅशियम बघावं लागतं, म्हणून विचारून आणा. केळी आणि शहाळं घेऊन जाऊ नका, तिथे ते विषासारखं. बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.


वाचनवेडा_पेठेतला (बुधवार, रात्री ९:१५)

मी ख्रिस्ती नाही, खरं तर देव मानतो की नाही हेही सांगता येणार नाही. घर वारकरी, आजोबा माळकरी. हा धागा दोन दिवस वाचतोय आणि एक प्रश्न मनापासून विचारायचाय, कोणाला दुखवायचं नाही.

डबा, फोन, सोबत ही माणसांनी माणसांसाठी केलेली कामं आहेत. ती श्रद्धेशिवायही होतात. मग त्यात ख्रिस्त नेमका कुठे येतो?

पेटीवाले काका, विलापाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचताना तुकोबा आठवले. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, आणि मग विठ्ठलाशी जे कडाक्याचं भांडण मांडलं ते आजोबा फार गोडीने सांगायचे. आजोबांना स्वतःला मोठं दुःख झालं तेव्हा मात्र ते भांडले नाहीत, गप्पच झाले. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.


पेटीवाला (बुधवार, रात्री ११:००)

वाचनवेडा, दुखावण्यासारखं काही नाही, प्रश्न रास्त आहे.

तुकोबांचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. रेव्हरंड ना. वा. टिळक, ज्यांची गीतं मी दर रविवारी वाजवतो, ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा अर्थाचं ते सांगत. म्हणून आमच्या भजनात अभंग आहे, ओवी आहे, पेटी-तबला आहे. देवाशी हक्काने भांडणं ही आमच्याकडे परदेशातून आलेली गोष्ट नाही.

ख्रिस्त कुठे येतो, याचं मला उमगलेलं उत्तर देतो. पत्नी गेल्यावर 'असं का झालं' याचं उत्तर मला मिळालं नाही. अजूनही नाही. पण मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू रडला, असं योहान लिहितो. काही क्षणांत आपण लाजराला उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी आधी तो लाजराची बहीण मरीया हिच्यासोबत रडला. मी ज्याला हाक मारतो तो दुःख लांबून बघणारा नाही, त्याच्या हातांत खिळ्यांचे व्रण आहेत. त्या फोन करणाऱ्या गृहस्थांना मी एकदा विचारलं, की कंटाळला नाहीत का हो? ते म्हणाले, मी तुमच्यासाठी करत नव्हतो, ज्याने माझ्यासाठी केलं त्याच्यासाठी करत होतो. माणुसकी श्रद्धेशिवाय असते हे मी मानतो, तशी माणसं मला भेटली आहेत. त्या गृहस्थांची माणुसकी मात्र तिथून येत होती.


वाचनवेडा_पेठेतला (बुधवार, रात्री ११:२५)

धन्यवाद काका. पटलं असं म्हणत नाही, पण उत्तर प्रामाणिक आहे. विचार करतो.


केडगाव_पॅसेंजर (गुरुवार, सकाळी १०:३०)

पुण्यातला धागा आहे आणि पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं आलं नाही? माझी आजी त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, म्हणून लिहितो.

रमाबाईंचं नाव घेतलं की विद्वत्ता, शारदा सदन, स्त्रीशिक्षण एवढं येतं. त्यांनी काय काय सोसलं ते ओळीने मांडून बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. राहिलेल्या भावासोबत पायी देश पालथा घातला, १८८० मध्ये तोही गेला. लग्न झालं, आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला. कडेवर तान्ही मनोरमा. वय पंचविशीच्या आत. यातलं बहुतेक सगळं बाप्तिस्म्याच्या आधीचं, तो १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. तेव्हा 'ख्रिस्ती झाल्या म्हणून दुःख टळलं' असं काही नाही, आणि नंतरही टळलं नाही. १८८९ मध्ये मुंबईत काढलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आणलं. इथल्या समाजाने आधी हात दिला आणि मग काढून घेतला, कित्येक मुली पालकांनी परत नेल्या.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. आपण स्वतः दुष्काळात कुटुंब गमावलेली बाई, तोच दुष्काळ पुन्हा बघायला स्वतःहून जाते. केडगावला जमीन होती तिथे त्या मुलींना ठेवलं, त्यातून मुक्ती उभं राहिलं. मुली विणायला शिकल्या, शेती शिकल्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते त्याच छापखान्यात छापलं गेलं.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात अवघड वाटते. जिच्या भरवशावर सगळं सोपवायचं होतं ती मनोरमा १९२१ मध्ये, आईच्या हयातीतच गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पण तोवर भाषांतराचं काम सोडलं नाही. संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये.

आजी सांगायची, मुक्तीत दुःखी मुलीला कोणी बसवून समजूत घालत नसे. तिला एखाद्या लहान मुलीची वेणी घालायला बसवत. बळ वगैरे मोठे शब्द आजीच्या तोंडी नव्हते. पण ती स्वतः कधी मोडून पडली नाही, आणि ती सांगे की वेणीचा तो तास तिला आयुष्यभर पुरला.

कधी जमलं तर पुणे-दौंड गाडीने केडगावला उतरून बघून या. संस्था अजून चालू आहे.


मोगरा_वडगावशेरी (गुरुवार, रात्री १०:४५)

सगळ्यांचं वाचलं, काही काही दोनदा वाचलं. पाळकीणबाई, तुमचा प्रतिसाद वाचून खूप रडले, पण बरं वाटलं. जेवते. झोपेचं मात्र खरं नाही.

पेटीवाले काका, तुम्ही सांगितलेलं १३वं स्तोत्र आज कॉरिडॉरमध्ये बसून काढलं. संडेस्कूलमध्ये हे आम्हाला कधी पाठ करायला दिलं नव्हतं. 'कोठवर' वाचलं आणि पुढे जाताच येईना. रात्री घरी ह्यांना वाचून दाखवलं.

डायलिसिससाठी ह्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला केलाय. त्यावर बोटं ठेवली की आत रक्ताची थरथर लागते. थरथर असली म्हणजे फिस्टुला चालू आहे. झोपायच्या आधी ती रोज तपासायची असते, आता मुलगीसुद्धा शिकलीय. मी बोटं तिथे ठेवूनच वाचत होते. हे म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. शेवटची दोन वचनं भरवशाची आहेत. तिथे आल्यावर हे म्हणाले, "ती राहू दे आज. उद्या वाच." मग आम्ही चौथ्या वचनापर्यंत थांबलो आणि आमेन म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अर्ध्या स्तोत्रावर आमेन आम्ही कधी म्हटलं नव्हतं.

गेल्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. प्रभूभोजन होतं, भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. मला त्या इवल्याशा पेल्याचीही काळजी, बाटलीतून तेवढं वजा करू का म्हणून हळूच विचारलं. हे म्हणाले, "हे मोजू नकोस." तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. आज ते वेगळं वाटतंय.

केडगाव_पॅसेंजर, मुलीला रमाबाईंचं वाचून दाखवलं. तिने विचारलं, एवढं सगळं झाल्यावर त्यांना देवाचा राग नाही आला? मला उत्तर देता आलं नाही. आला असेल, एवढंच म्हटलं.


हिशेबनीस (शुक्रवार, सकाळी ११:००)

मी आमच्या मंडळीच्या कमिटीवर आहे, आजारी कुटुंबांच्या कागदपत्रांत मदत करतो. मोगराताई, आकडे डोक्यातून कमी झाले तर प्रार्थनेला थोडी जागा होईल, म्हणून कामाचं लिहितो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. सध्याचं रुग्णालय योजनेत आहे का ते विचारा. असेल तर तिथे आरोग्यमित्र असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. रुग्णालय योजनेत नसेल तर जवळचं कोणतं आहे हेही तोच सांगेल.

रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. साहेबांची नोकरी गेली आहे, तर दाखला नव्याने काढा, जुन्या पगाराचा जोडू नका. आणि बिलिंगच्या खिडकीवर वाद घालण्यात शक्ती घालवू नका, वैद्यकीय समाजसेवकांचं टेबल वेगळं असतं, थेट तिथे जा.

प्रत्यारोपणाचा विचार डॉक्टरांशी अजून बोलला नसाल तर बोला. पुण्यात त्याची प्रतीक्षायादी झेडटीसीसीकडे (विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे) असते, नाव रुग्णालयामार्फतच नोंदवलं जातं. यादी मोठी आहे, म्हणून नाव लवकर गेलेलं बरं.

तुमच्या मंडळीत मदतनिधी असेल. मागायला संकोच वाटत असेल तर पाळकसाहेबांशी तुमच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी बोलू द्या. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीने कोणाला उणं पडू दिलं नाही असं आपण वाचतो, मग तो निधी असतो कशासाठी?


वधस्तंभाजवळ (शुक्रवार, दुपारी १:१५)

हिशेबनीस, फार उपयोगी. ताई, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी फेऱ्या मारायला मला वेळ आहे. माझी सुट्टी मंगळवारी असते. कागद तयार ठेवा, मी घेऊन जातो.


पाळकीणबाई_खडकी (शुक्रवार, दुपारी ३:००)

दोन कोपरे धरले गेले म्हणायचे. मोगरा, गुरुवारचा डबा माझा. मीठ कमी, भाजी उकळून पाणी टाकून केलेली. तुला आणि मुलीला वेगळं, आमच्याकडे रविवारी असतं तसं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पत्ता कळव.


मोगरा_वडगावशेरी (शुक्रवार, संध्याकाळी ६:२०)

नको म्हणणार होते. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, नको म्हणू नकोस. पत्ता पाठवलाय.

एक मागू का? शनिवारी डायलिसिस आहे आणि त्याच वेळी मुलीच्या शाळेत पालकसभा. दहावीचं वर्ष, जायला हवं. चार तास ह्यांच्याजवळ बसायला कोणी मिळेल का? काही करायचं नाही. बीपी उतरलं तर सिस्टरला हाक मारायची, एवढंच.


पेटीवाला (शुक्रवार, संध्याकाळी ६:४०)

मी येतो. वेळ आणि रुग्णालय व्यनितून कळवा. त्यांना चालणार असेल तर १३व्या स्तोत्राची ती राहिलेली दोन वचनं वाचू, नसेल तर क्रिकेटचं बोलू. पालकसभा आटोपली की तुम्ही घरी जाऊन झोपा, त्यांना मी रिक्षाने सोडतो.